सिस्टरची परीक्षा

सत्यभामा सिस्टर तोंडाची फटकळ. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं तिनं कोणाला काय म्हटलं त्याचं नवल वाटायला नको. मूर्तिजापूरकडची शेतकऱ्याची पोर, हाक मारली तर बांधापलीकडच्या माणसानं ओ द्यावी असा आवाज, आणि मनात आलं की ते ओठांवर आलंच. अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात ती बायकांच्या वार्डाची इन्चार्ज होती. दवाखान्याचं नाव कशाला विचारता? कुठंही जा, पळसाला पानं तीनच. खाटा तीस, बायका पन्नासाच्या आसपास, उरलेल्या खाली गाद्या टाकून. आणि एवढ्या सगळ्यांना दिवसपाळीला सिस्टर दोन. एक सत्यभामा आणि दुसरी कंत्राटावरची रागिणी. दोघींनी काय काय करावं हे ज्यांनी माणसं दिली नाहीत त्यांना विचारा, आम्हाला नका विचारू.

त्यामुळं वार्डाची आपली एक रीत पडून गेली होती. गोळी, इंजेक्शन, सलाईन, नळ्या, हे सिस्टरांचं. खाऊ घालणं, पुसणं, कपडे बदलणं, पडून राहिलेल्या माणसाची कूस बदलणं, हे नातेवाइकांचं. तसा काही नियम नव्हता. पण नवी म्हातारी भरती झाली की शेजारच्या खाटेवरची सून तिच्या सुनेला दुपारपर्यंत सगळं शिकवून मोकळी व्हायची. सत्यभामा जाता जाता विचारायची, "कूस बदलली काय व?" सून म्हणायची, "बदलली, बाई." की सत्यभामा पुढच्या खाटेकडे. थांबून चादर उचलून पाहायला फुरसत कोणाला होती?

तिला हे डाचायचं. घरी जेवायला बसली की पहिल्या घासाला आठवायचं, अमकीची लघवीची पिशवी रिकामी करायची राहिली, तमकीचा ताप पुन्हा पाहिलाच नाही. आणखी एक सिस्टर द्या म्हणून ती दरवर्षी मोठ्या साहेबांच्या दारात उभी राहायची. साहेब, म्हणजे दवाखान्याचे अधीक्षक, एकदा वैतागून म्हणाले, "बाई, तुमच्या ओरडण्यावर पद मिळत नसतं. अभ्यास दाखवा कोणी केलेला, आकडे दाखवा. ज्या वार्डाचे हाल सगळ्यात वाईट निघतील त्याला पहिली सिस्टर देतो, माझा शब्द."

तो शब्द सत्यभामानं पदराला गाठ मारून ठेवला. आणि देव पावल्यासारखी आकांक्षा आली.

आकांक्षा तिचीच विद्यार्थिनी. शिकाऊ असताना याच वार्डात पहिलं इंजेक्शन देताना रडली होती. आता अकोल्याला नर्सिंगची वरची पदवी करत होती आणि प्रबंधाचा विषय घेतला होता, सिस्टरांची संख्या आणि रोग्यांची देखभाल यांचा एकमेकांशी संबंध काय. तीन दवाखान्यांचे काही वार्ड, प्रत्येकात काही दिवस बसायचं, पाहायचं, रोग्यांना प्रश्न विचारायचे. बाकीचे वार्ड, इथल्या पुरुषांच्या वार्डासकट, पाहून आणि लिहून झाले होते, उरला होता हा एकच. साहेबांनी परवानगी दिली, वर म्हणाले, प्रबंधाची एक प्रत मला हवी.

"पोरी, तू देवासारखी आली," सत्यभामा तिला म्हणाली. "काई लपवू नोको. जे दिसन ते लिही. आमची लाज काढ, पन लिही."

"मॅडम, तुमची लाज कशाला काढू मी?"

"काढ म्हनतो ना! लाज निघाल्याबिगर सिस्टर भेटत नाही अठी."

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. बिघडलं ते दुसऱ्याच ठिकाणी.

अभ्यासाचा नियम असा की, प्रत्येक रोग्याला सगळं समजावून सांगायचं आणि त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. आकांक्षानं मन लावून समजावलं, पण पुस्तकी मराठीत. 'सहभाग', 'गोपनीयता', 'निरीक्षण'. बायकांनी माना डोलवल्या, अंगठे दिले, आणि ती वळताच सगळ्या शेषरावकडे धावल्या. शेषराव म्हणजे वार्डातला मामा, स्ट्रेचर ओढणारा. माणूस जीव लावणारा, पण तोंडाला झाकण नाही. त्यानं उभ्या जन्मात अभ्यास करायला आलेलं माणूस पाहिलं नव्हतं. हातात पेन घेऊन वार्डात फिरतो तो तपासणीवाला, एवढंच त्याला ठाऊक.

"सिस्टरची परीक्षा हाय," त्यानं सांगून टाकलं. "ते पोट्टी पाहून राहिली सिस्टर काम करते का नाही. मार्क कमी पडले का धाडलं मेळघाटात. सेमाडोहच्या बी पलीकडं."

बस. वार्डात वणवा लागला.

सत्यभामाच्या शिव्या खाल्ल्या नाहीत अशी बाई त्या वार्डात नव्हती, आणि तिच्यासाठी भांडायला उठली नसती अशीही नव्हती. सगळ्यांत पुढं मैनाबाई. परतवाड्याकडची माळ्याची बुढी, जन्म भाजीच्या पाट्या विकण्यात गेला. लकव्यानं डावं अंग गेलं, साखर होतीच, पण जीभ देवानं शाबूत ठेवली होती. भरती झाली त्याच दिवशी तिच्या घशात भाकरीचा घास अडकला. बुढी काळीनिळी पडली. सत्यभामानं तोंडात बोटं घालून घास काढला आणि वर ओरडली, "लकवा मारलेल्या बुढीले भाकर कोन चारते व? अकला गहान ठेवल्या काय?" तेव्हापासून मैनाबाई तिला 'माही सासू' म्हणायची.

"माह्या सासूले सेमाडोहले धाडते?" मैनाबाई म्हणाली. "पाह्यतोच मी कोन धाडते ते. ए आरती, आयकून घे. त्या पोरीले काई वंगाळ सांगाचं नाही. आन सिस्टरले बी हाका मारून तरास द्याचा नाही. कामात चुकली तं मार्क कटतीन तिचे."

आरती तिची सून. त्या दिवशी सकाळीच बुढीचं अंग पुसताना माकडहाडापाशी लालभडक चट्टा तिला दिसला होता, आणि दुपारी सिस्टरला दाखवायचा असं तिनं ठरवलं होतं. सासूनं तिचा हात धरला. "ते पोट्टी गेल्यावर दाखवू. चार दिवसानं काय होते?"

मग आकांक्षाचे दिवस सुरू झाले. काय सांगावं तुम्हाला! तो वार्ड कधी एवढा सरळ चालला नव्हता. नातेवाईक घरून फडकी घेऊन आले. खाटेखालच्या सामानाच्या पिशव्या गायब झाल्या. एकीची सलाईन संपत आली की शेजारची बाई गुपचूप येऊन रागिणीच्या कानात सांगायची, मोठ्यानं हाक कोणीच मारायचं नाही. आकांक्षा खाटेपाशी बसून विचारायची, "मावशी, सिस्टरना बोलावलं की किती वेळात येतात?"

"बोलवाच लागत नाही. आंधीच हाजर!"

"आणि कधी वाट पाहावी लागते?"

"कायची वाट? आमी झोपलो असलो तरी येऊन पाहून जाते."

हे सत्यभामानं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. "अवं, खोटं काहून बोलून राहिली? मी कालपासून तुह्या खाटेकडे फिरकली तरी काय? सांग तिले खरं! पाय सुजला तो पाहाले कोनी आलं नाही म्हनून सांग!"

ती बाई खुदकन हसली. आकांक्षाकडे वळून म्हणाली, "पाहा मॅडम, सोताची तारीफ बी आयकू देत नाही. अशी हाय आमची सिस्टर."

आकांक्षानं तेही लिहून घेतलं.

पण सगळा दोष बायकांच्या माथी मारून कसं चालेल? सत्यभामानं तरी काय केलं? वार्डाचे हाल दिसावेत ही तिचीच इच्छा, आणि हाल दिसायचे तर कोणाचे तरी हाल व्हायला हवेत. समोर ओल्या चादरीत पडलेली बाई दिसत असताना, राहू दे, आकांक्षाला दिसू दे, असं म्हणून पुढं जायचं? ते तिच्यानं झालं नाही. ती बदलायचीच चादर. वरून स्वतःच्या विद्यार्थिनीसमोर हात जरा जास्तच चालायचे. ड्युटी संपल्यावरही थांबायची. रागिणीही थांबायची. रोज संध्याकाळी पाय सुजून बुटात मावेनासे व्हायचे, आणि आकांक्षाच्या कागदावर वार्ड आणखी उजळ व्हायचा. सत्यभामाला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि थांबता येत नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, एवढ्या वर्षांत कोणी तिला चांगलं म्हटलं नव्हतं. जीव थोडा सुखावलाच की तिचा. माणूस आहे ती.

एके दिवशी आकांक्षा मैनाबाईपाशी आली. पडून असणाऱ्या रोग्यांच्या पाठीला जखम झाली का, हे पाहणं अभ्यासात होतंच. "आजी, जरा पाठ पाहू का?"

"नोको माय. मले लाज वाटते."

"मी बाईच आहे ना आजी."

"बाई असन नाहीतर बुवा. माह्या नवऱ्यानं बी कधी उजेडात पाह्यली नाही पाठ, तुले काहून दाखवू?" सगळा वार्ड हसला. आकांक्षाही हसली. आरती घाईघाईनं म्हणाली, "आताच पुसली मॅडम. काई नाही, साफ हाय." रोगी नाही म्हणाला की जबरदस्ती करायची नाही, हा अभ्यासाचा नियम. आकांक्षानं नियम पाळला.

त्याच दिवशी सत्यभामा स्वतः कूस बदलायला गेली होती. "झाली बाई, आताच बदलली. तुमी तिकडे पाहा," आरती म्हणाली. मैनाबाईनं उजव्या हातानं तिला लोटलंच. "जाय ना व सासू, किती तरास देशीन?" आणि सत्यभामा गेली. तिकडे दोन सलाईन थांबल्या होत्या.

आकांक्षा अकोल्याला परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यभामाला वास आला. ज्यानं एकदा तो वास घेतला आहे त्याला सांगावं लागत नाही. ती वासामागं चालत मैनाबाईपाशी पोचली आणि कोणाला न विचारता चादर ओढली. माकडहाडावर बशीएवढी जखम होती, मधोमध काळी, कडेनं पू. बुढीचं अंग तव्यासारखं तापलेलं.

"हे काय हाय?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. आरती भिंतीला टेकून रडायला लागली. "पह्यल्याच दिवशी लाल दिसलं होतं, बाई. सांगनारच होती. मंग मामा म्हने तुमची परीक्षा हाय, तुमाले धाडून देतीन. आत्याबाई म्हने, दम धर."

"कोनाची परीक्षा? कायची परीक्षा व? ते पोरगी आमाले सिस्टर भेटाव म्हनून आलती! तुमाले भेटाव म्हनून!"

शेषराव दारात उभा होता. त्यानं कपाळावर हात मारला आणि तिथंच खाली बसला. त्याला बोलण्यात आता काय अर्थ होता? सत्यभामा हातमोजे घालून ड्रेसिंगला बसली. काळा भाग डॉक्टरांनी कापून काढला, मोठी इंजेक्शनं सुरू झाली, पण ताप हटेना. मैनाबाई ओठ दातात धरून पडायची आणि म्हणायची, "दुखत नाही व. उगाच चिडते."

सत्यभामाला सुट्टी मिळाली ती आठवड्यानं, आणि त्या दिवशी ती अकोल्याच्या बसमध्ये बसली. कॉलेजात आकांक्षा तिला पाहून धावत आली, पाया पडली. "मॅडम, तुमचा वार्ड माझ्या प्रबंधात आदर्श आलाय! मी गाईडना म्हटलं, माणसं कमी असली तरी..."

"खोटा हाय तो," सत्यभामा म्हणाली, आणि तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

आकांक्षाचा चेहरा उतरला. "मी पाठ मागितली होती, मॅडम. त्यांनी नाही म्हटलं."

"मले मालूम हाय. आता तं मालूम झालं ना? लिही आता."

"आता कसं लिहू? मी गेल्यावर दिसलेलं मी पाहिलेलं नाही. गाईडनी सही केली, प्रत पुढं गेली, साहेबांनाही पाठवली. आता बदललं तर ते निरीक्षण राहत नाही."

"मंग काय राह्यते ते?"

"तक्रार," आकांक्षा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, हे तुम्हीच शिकवलं होतं मला."

पोरगी खरं बोलत होती. तिनं आणलेला चहा न पिता सत्यभामा परत आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनीच बोलावलं. प्रबंधाची प्रत टेबलावर होती. साहेब खूश. "बाई, तुम्ही उगाच रडत होता. अहो, सगळ्यात चांगला वार्ड तुमचा! एकही जखम दिसली नाही, एकही तक्रार नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पुरुषांच्या वार्डाचे हाल मात्र फार वाईट आलेत. मी शब्द दिला होता, वाईट वार्डाला सिस्टर. नवीन कुठून आणू? रागिणीला उद्यापासून तिकडं पाठवतोय. दोघींत एवढं उत्तम चालतं, तर एकीत बऱ्यापैकी चालेल."

"साहेब, माह्या वार्डात एक बुढी मरून राहिली. पाठ सडली तिची. चला, दाखवतो."

"एका बुढीवरून शास्त्र ठरत नाही, बाई," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हते ते. त्यांच्याकडेही माणसं नव्हती.

सत्यभामा वार्डात आली तेव्हा सगळ्या बायका दाराकडे पाहत होत्या. साहेबांचं बोलावणं आलं म्हणजे निकाल लागला, हे त्यांना न सांगता कळलं होतं. तिनं परीक्षा नव्हती म्हणून जखम दिसली त्याच दिवशी बोंबलून सांगितलं होतं, पण ते कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. ओरडणं हा तिचा स्वभावच, रागात माणूस काहीही बोलतं. मैनाबाईनं डोळे उघडले. ओठ सुकून फाटले होते.

"काय झालं व सासू? पास झाली काय?"

सत्यभामाला खरं बोलायचं होतं. आयुष्यभर तिला खरंच बोलता आलं होतं. तिनं बुढीकडे पाहिलं, ती तापानं फणफणली होती आणि उत्तराची वाट पाहत होती.

"झाली, आजी."

"कितवा नंबर?"

"पह्यला."

"मंग!" मैनाबाईच्या तोंडाची अर्धी बाजू हसली. "माह्या पाठीनं पास झाली तू. पेढे कोठी हाय?"

वार्डात टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, हो. कोणीतरी शेषरावला पिटाळलं आणि तो खालच्या दुकानातून पेढे घेऊन आला. बायका एकमेकींना भरवायला लागल्या. साखरवाल्यांनीही चिमूटभर तोंडात टाकला, त्या दिवशी सत्यभामा कोणावर ओरडली नाही. रागिणी औषधाच्या खोलीत तोंड धुऊन आली, तिला बदलीचं कळलं होतं. सत्यभामानं स्वतःचा पेढा तोंडात घातला, चावला आणि गिळला.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटी होती. सकाळी दोन बायका नव्या भरती झाल्या, एकीला फिट यायची. तिला धरून इंजेक्शन देईस्तोवर दुपार झाली. मैनाबाईचं ड्रेसिंग राहिलं होतं म्हणून ती ट्रे घेऊन तिच्या खाटेपाशी आली. बुढी कुशीवर होती, डोळे अर्धे मिटलेले. सत्यभामानं मनगट हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. हात गार पडला होता.

आरती पायथ्याशी बसली होती. तिला अजून कळलं नव्हतं. सत्यभामाच्या तोंडाकडे पाहून कळलं. ती रडली, मग पदरानं तोंड पुसून सासूचे केस नीट करायला लागली.

"केव्हा झालं व हे?" सत्यभामानं विचारलं. "काई बोलली नाही काय?"

"बोलली ना, बाई. जीव घाबरते म्हने. दोनतीन डाव म्हने, सिस्टरले बोलाव." आरतीनं बुढीची बट कानामागं सारली. "मीच म्हटलं, त्या एकट्या हायेत, कामात हायेत. तरास नोको देऊ त्याहीले. मंग चूप झाली."

तिच्या आवाजात जराही तक्रार नव्हती.